गोड बोलायचं नाही

दिवाळीच्या फराळाला इथे नेदरलँड्समध्ये, लायडस्खेनडामला जमलो होतो. हॉल भाड्याचा, चकल्या ज्याच्या त्याच्या घरच्या. तोंडात चकलीचा तुकडा असतानाच एक बाई म्हणाली, "ती उइटहॉर्नची वैशाली. पोटची पोर तिकडे कड्यावर मरणाच्या दारात, आणि ही इकडून फोनवर तिला टवळी काय, म्हैस काय. अशी आई असते का कुठे?" दुसरीने मान डोलावली आणि चिवडा वाढून घेतला.

"तुम्ही होतात का तिथे?" मी विचारलं.

"नाही, पण ऐकलंय ना."

मी होते तिथे. प्लेट खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हटलं, चल घरी. त्या बाईला जागच्या जागी काहीतरी सुनवायला हवं होतं, पण माझं नेहमीचं आहे, उत्तर सुचतं ते घरी आल्यावर. वैशालीताई आता इथे राहत नाही, ती आणि तिचा नवरा श्रीरंगदादा पुण्याला परत गेलेत. म्हणजे तिच्याबद्दल कोणीही काहीही बोलावं आणि आपण चिवडा खात ऐकावं, असं चाललंय. ते मला जमणार नाही, म्हणून हे लिहितेय.

आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. वैशालीताई उंचीने बेताची, खांदे रुंद, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर गायब. पहिल्या भेटीत माझी नजर तिकडे गेली तर म्हणाली, "दोरात अडकलं. दोर खाली गेला, त्याच्याबरोबर बोट पण गेलं. चहा घेणार की कॉफी?" मी त्या दिवशी काहीच घेतलं नाही.

पुण्यात ती चाकणच्या एका जपानी कंपनीत दुभाषी होती आणि शनिवार-रविवार सह्याद्रीत रेस्क्यू टीमबरोबर. कुठे कोणी ट्रेकर कड्यावरून पडला की हिला फोन. लग्नानंतर श्रीरंगदादाच्या नोकरीपायी, डिपेंडंट व्हिसावर इथे आली. कड्यांवरून माणसं उतरवणारी बाई अशा देशात येऊन राहिली जिथे सायकलवाल्याला चढ लागतो तो फक्त पुलावर. पहिली काही वर्षं ती नुसती घरात बसून चिडायची, असं तिनेच सांगितलं. मग घरूनच जपानी मशिनरीच्या मॅन्युअलची भाषांतरं करायला लागली.

तिच्या बोलण्याला रक्ताचं वावडं नव्हतं. स्वयंपाक करताना हटकून मृतदेहांचे विषय निघायचे. एकदा पुऱ्या तळता तळता सांगत होती की माणूस जसा मरतो तसाच आखडतो, बसलेला मेला तर बसलेलाच राहतो, मग त्याला स्ट्रेचरवर बांधायला गुडघ्यांवर जोर देऊन पाय सरळ करावे लागतात आणि तेव्हा आवाज येतो. "कसला आवाज?" मी विचारलं. "ती पुरी उलट आधी, करपतेय," ती म्हणाली. मी तिच्याकडे जेवायला जायचं बंद मात्र केलं नाही, कारण पुऱ्या फार चांगल्या व्हायच्या.

मला सायकल तिने शिकवली. तिशी उलटलेली बाई मी, आम्स्टेलच्या काठाने, समोरून अंगावर येणारा वारा. पडले तशी कोपर आणि गुडघा दोन्ही सोलून निघाले, रक्त मोज्यात उतरलं. एक डच आजोबा काळजीने थांबले. वैशालीताईने त्यांना हाताने पुढे पिटाळलं आणि मला म्हणाली, "ऊठ गं म्हशी. इथे काय गादी घातलीये?" मला इतका संताप आला की मी तशीच सायकलवर बसले आणि तिला मागे टाकायचं म्हणून घरापर्यंत पायडल मारत सुटले. दारात पोचल्यावर लक्षात आलं की आपल्याला सायकल येते. तिने आतून डेटॉल आणून दिलं आणि बोळा माझा मलाच लावायला सांगितला.

तिच्या घरी पोटमाळ्यावर एका जपानी मांगाचे भाग रांगेने लावलेले होते. मांगा म्हणजे चित्रांतली गोष्ट, पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं. ही मालिका पर्वतातल्या रेस्क्यू टीमची. प्रत्येक भागात कोणीतरी वर अडकतो, टीम त्याला आणायला जाते, कोणी जिवंत खाली येतो तर कोणी पिशवीतून. चित्रकाराने कुठे हात आखडता घेतला नव्हता. रक्त काळ्या शाईचं होतं आणि ते लालपेक्षा वाईट दिसायचं. त्यातल्या माणसांच्या बोलण्याच्या फुग्यांवर वैशालीताईने पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून मराठी लिहिलं होतं. लेकीसाठी, जुईसाठी. जुई इथेच वाढलेली, तिला मराठी कळायचं पण देवनागरी वाचता यायची नाही, म्हणून रोज झोपताना आई ते मोठ्याने वाचून दाखवायची.

मी एकदा तिथे होते. गोष्टीतल्या माणसाचा हात धोंड्याखाली चिरडलाय, वरून बर्फाचा कडा सुटायच्या बेतात आहे, आणि टीमचा म्होरक्या करवत काढतो. पुढच्या पानभर त्या माणसाचं उघडं तोंड. वैशालीताईने खणखणीत आवाजात वाचलं, "रडतोस काय मुडद्या, दुसरा हात आहे ना?" जुई पांघरुणात खदखदा हसली.

खाली आल्यावर मी म्हटलं, "जपानीत खरंच असं लिहिलंय?"

"छे. जपानीत तो म्हणतो, कृपया थोडा वेळ सहन करा. पुढे माफी पण मागतो."

"मग तू का बदललंस?"

"कारण मी खरी माणसं उतरवलीत, मेघा. लटकलेला माणूस ताकदीवर तगत नाही, भीतीवर आणि रागावर तगतो. त्याला गोड बोललं, सुटलास म्हटलं, की शरीर इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम सोडून देतं. मग जातो तो. हातात येऊन जातो. म्हणून हॉस्पिटलच्या दारापर्यंत त्याला चिडवत न्यायचं. गोड बोलायचं नाही."

मला ते पटलं नव्हतं. तसं मी बोलून दाखवलं तेव्हा तिने मंदारचं सांगितलं. वैशालीताई तेव्हा चोवीस वर्षांची होती. मंदार इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, ओल्या कड्यावरून घसरून मधल्या एका झाडात अडकला होता. खालचा जबडा सुटून लोंबत होता आणि एक पाऊल उलटं फिरलं होतं. दोरावरून त्याच्यापर्यंत पहिली पोचली ती हीच. त्याने हिचं मनगट असं धरलं की नखं मांसात गेली. "मी त्याला जवळ घेतलं," ती म्हणाली, "आणि म्हटलं, झालं रे राजा, सुटलास आता, आई वर उभी आहे तुझी. त्याची नखं सैल पडली. मला बरं वाटलं. मला वाटलं, माझ्यावर विश्वास बसला त्याचा." मग त्या मुलाला छातीशी बांधून ती वर आली, त्याचं रक्त तिच्या शर्टातून आत झिरपत होतं आणि वर येईपर्यंत गार झालं होतं. त्याच्या आईने विचारलं, काही बोलला का. हे सांगताना वैशालीताई कांदा चिरत होती आणि चिरत राहिली.

एका हिवाळ्यात इथल्या तळ्यांवर बर्फ धरलं. तसं झालं की डच लोकांच्या अंगात येतं, सगळे स्केट घालून बाहेर. आम्ही काठावर गरम चॉकलेट पीत होतो आणि एक दांडगा माणूस बर्फ फुटून बघता बघता आत गेला. लोक शिडी आणायला पळाले. शिडी आली तशी वैशालीताई तिच्यावर पालथी पडून सरपटत गेली, त्याच्या जॅकेटची मानेकडची बाजू पकडली, आणि काठावरच्यांनी दोघांना ओढलं. बर्फाच्या कडेने त्याच्या हनुवटीचं कातडं सोलवटून निघालं होतं. काठावर एका बाईने त्याला ब्लँकेटात घेतलं आणि ती हळू आवाजात त्याला शांत करायला लागली. तो हसला आणि उठून उभा राहिला. वैशालीताईने धावत जाऊन त्याच्या पायात पाय घालून त्याला आडवा पाडला, छातीवर बसली आणि फाडफाड मुस्काटात दिल्या. वर मराठीत शिव्या. इतका गारठलेला माणूस उभा राहिला की गार रक्त हृदयाकडे येतं आणि खेळ खलास, हे तिने मला नंतर सांगितलं. तिथल्या लोकांना एवढंच दिसलं की एक इंडियन बाई बुडालेल्या माणसाला मारतेय. दोघांनी तिला ओढून काढायचा प्रयत्न केला, एकाला ती चावली. पोलीस आले, ॲम्ब्युलन्स आली. ॲम्ब्युलन्सवाल्याने ऐकून घेतलं आणि पोलिसांना म्हणाला, बाईंना जाऊ द्या. काही दिवसांनी तो माणूस हनुवटीला पट्टी लावून ट्यूलिप घेऊन तिच्या दारात आला आणि तुम्ही मला काय म्हणत होतात ते विचारायला लागला. श्रीरंगदादाने त्याला सांगितलं की ती प्रार्थना होती.

हे सगळं बघत, ऐकत वाढलेली पोरगी काय करणार? जुई डेल्फ्टला शिकायला गेली आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या क्लायंबिंग क्लबात शिरली. आल्प्सला जाणार म्हणाली, त्या दिवशी भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. शेवटी काहीतरी फुटल्याचा आवाज आला म्हणून मी गेले. वैशालीताई स्वयंपाकघरात जमिनीवर, पुण्याहून आणलेल्या विळीवर बसली होती आणि जुईचा नवाकोरा दोर गवारीसारखा चिरत होती. जुई तिच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. "यू पुट इट इन माय हेड, आई! एव्हरी नाइट!" वैशालीताई म्हणाली, "मी तुला माणसं कशी मरतात ते दाखवत होते, मूर्ख मुली." जुईने हाताला लागलेली बरणी भिंतीवर फेकली, लोणच्याचं तेल ओघळलं, आणि ती निघून गेली. दुसरा दोर घेतला तिने. मायलेकींचं बोलणं बंद झालं. वैशालीताई रोज सकाळी उठून त्या डोंगरांवरचं हवामान बघायची आणि कोणाला काही सांगायची नाही.

ऑगस्टमधली दुपार होती. गणपतीच्या सजावटीचं ठरवायला मंडळाच्या दोघी जणी वैशालीताईकडे आल्या होत्या, एक हार्लेमची, एक आमच्याच गावातली. मीही होते. फोनवर जुईचं नाव आलं. वैशालीताईने हात पुसून फोन घेतला. पलीकडे जुईचा जोडीदार होता, तैस नावाचा मुलगा, आणि तो इंग्रजीत भराभर सांगत होता. वरून दगड सुटले. दोघं एका अरुंद कंगोऱ्यावर अडकलीत. जुईच्या मांडीचं हाड बाहेर आलंय, पट्टा आवळून बांधलाय, पण रक्त खूप गेलंय. हेलिकॉप्टरवाल्यांशी बोलणं झालंय, पण ढग हटेपर्यंत त्यांना येता येत नाही. ती झोपतेय आणि मला तिला जागं ठेवता येत नाहीये, असं म्हणून तो रडायला लागला.

मग जुईचा आवाज आला, बारीक आणि अगदी गोड. "आई. आय ॲम नॉट कोल्ड एनीमोर. सॉरी, आई."

वैशालीताईने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. दोन्ही हात ओट्यावर टेकले. "सॉरी तुझ्या बापाला सांग, टवळे," ती म्हणाली. "दोर बांधता येत नाही आणि चालल्या डोंगर चढायला. डोळे उघड. उघड म्हणते ना, नाहीतर तिथे येऊन थोबाड फोडीन."

त्या दोघी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. श्रीरंगदादा वरून धावत आला. काय झालंय ते मी त्याला सांगितलं. तो ओट्यापाशी गेला आणि हात जोडले, खरोखर जोडले. "वैशाली, अगं शेवटचं असलं तर? शिव्या ऐकत जाईल ती. दोन शब्द नीट बोल. नाहीतर मला बोलू दे."

"नाही."

"माझी पण मुलगी आहे ती." त्याने फोनकडे हात टाकला.

तिने कोपर फिरवलं. ते त्याच्या नाकावर बसलं आणि रक्ताची धार शर्टावर आली. तो भेलकांडला, तशी तिने त्याला छातीला रेटून मागच्या दारातून बागेत ढकललं आणि किल्ली फिरवली. तो दोन्ही मुठींनी काचेवर मारायला लागला, काचेवर त्याचं रक्त लागत होतं. "मेघा, दाराला उभी राहा," ती म्हणाली. मी उभी राहिले. माझ्या पाठीत त्याचा प्रत्येक ठोका बसत होता. त्या बायका चपला हातात घेऊन पुढच्या दाराने निघून गेल्या. त्यांनी जे ऐकलं ते एवढंच.

तिने जुईला काय म्हटलं नाही? आळशी म्हटलं, डुक्कर म्हटलं, बिनअकलेची म्हटलं. शाळेत असताना पोहण्याच्या परीक्षेत रडली होती ते काढलं. तैसला बावळट म्हटलं आणि ते जुईला झोंबलं. "शट अप," पलीकडून आलं. वैशालीताई म्हणाली, "काय पुटपुटतेस? मोठ्याने बोल, दम असेल तर." मधे गप्प झाली जुई. वैशालीताईने ओट्यावर इतक्या जोरात लाटणं आपटलं की ते मोडलं. "तैस, हिट हर," ती फोनवर ओरडली. पलीकडे चापटीचा आवाज झाला आणि मग जुई फुटली. डच शिव्या रोगांच्या नावाने असतात. जुईने आईला कॉलरा घातला, टायफॉइड घातला, कॅन्सर घातला, तुझ्यासारखी आई कोणाला न मिळो म्हणाली. वैशालीताईचा चेहरा घामाने निथळत होता. "अजून बोल," ती म्हणत होती. "एवढंच येतं? अजून."

हे किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. मागचे ठोके थांबले होते, श्रीरंगदादा काचेला पाठ लावून खाली बसला होता. मग फोनमध्ये पंख्यांचा आवाज भरला, आरडाओरडा झाला, आणि एका अनोळखी माणसाने फोन घेतला. आम्ही पोचलोय, म्हणाला तो इंग्रजीत. वैशालीताई ओरडली, "डोन्ट टेल हर शी इज सेफ."

"आय नो, मॅडम," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तिने किल्ली फिरवून दार उघडलं आणि उंबऱ्यातच श्रीरंगदादाच्या शेजारी बसली. त्याचं नाक सुजून वाकडं झालं होतं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "शेवटी मी तिला डुक्कर म्हणाले," वैशालीताई म्हणाली. "ती गेली तर तेच राहील." त्याने न बघताच तिचा हात धरला.

गाडी मी चालवली. दोघांपैकी कोणाच्याही हातात स्टीअरिंग देण्यासारखं नव्हतं. श्रीरंगदादा नाकात कापूस घालून मागे बसला होता, वैशालीताई पुढे. अख्खं जर्मनी ओलांडलं आम्ही. तैसचा फोन आला की ऑपरेशन चालू आहे, तेव्हा वैशालीताईने फक्त मान हलवली. पुन्हा आला की रक्त चढवतायत, तेव्हाही. मी मनातल्या मनात सारखी एकच प्रार्थना करत होते, की जुईच्या कानात शेवटचे शब्द ते नसू देत.

हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाच्या खोल्यांना काचेच्या भिंती होत्या. जुई आत नळ्यांमध्ये पडलेली, ओठ फुटलेले, एक डोळा सुजून बंद, मांडीतून लोखंडी सळया बाहेर आलेल्या. श्रीरंगदादा आत गेला आणि तिच्या हातावर कपाळ टेकून रडून आला. वैशालीताई बाहेरच उभी. डॉक्टरबाई आल्या, तेव्हा तिने विचारलं, जिवाचा धोका टळलाय का. टळलाय, त्या म्हणाल्या. तिने पुन्हा तेच विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पायाचं काय होईल ते आज सांगता येत नाही, पण ती जगेल. नक्की का, वैशालीताईने विचारलं, आणि हृदय? हृदय उत्तम आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही आत जा, बोला तिच्याशी.

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी काचेच्या बाहेर होते, मला काही ऐकू येत नव्हतं. ती वाकली, जुईच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली, एखादंच वाक्य असेल. जुईचा उघडा डोळा हळूच मिटला. वैशालीताई ताडकन सरळ झाली आणि पलंगामागच्या मॉनिटरकडे बघायला लागली. हिरवी रेघ वरखाली होत होती, ती श्वास धरून बघत राहिली. मग पुन्हा वाकली, आणखी एक वाक्य बोलली, आणि पुन्हा मान वर करून त्या रेघेकडे बघायला लागली.